३० किलोमीटर धावून वजन वाढले : मॅरेथॉनच्या सरावातील एक प्रकरण

नोव्हेंबरमधील एका रविवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ, मोटारीच्या डिकीतून काढलेल्या साध्या वजनकाट्यावर आमच्या गटातील एक धावपटू उभ्या राहिल्या. पहाटे पावणेपाचला निघताना त्यांचे वजन ५२.४ किलो भरले होते आणि त्यानंतर त्यांनी ३० किलोमीटरचे अंतर पूर्ण केले होते. काटा ५३.३ दाखवत होता. काटा बिघडला असावा असे वाटून मी स्वतः त्यावर उभा राहून पाहिले, दुसऱ्या एकालाही उभे केले. काटा बरोबर होता. चार तासांहून अधिक काळ मुंबईच्या दमट हवेत धावलेल्या माणसाचे वजन वाढलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, किंवा खरे म्हणजे मोजलेच नव्हते.

या धावपटूंच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेनुसार दिलेले नाही. त्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि गटातील लहानथोर सगळेच त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही तोच उल्लेख ठेवतो. वय ४७, उंची पाच फूट एक इंच, राहायला प्रभादेवीला. आधी तीन अर्धमॅरेथॉन पूर्ण केलेल्या, त्यांतील सर्वांत चांगली वेळ २ तास ४५ मिनिटे. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन ही त्यांची ४२.१९५ किलोमीटरची पहिलीच शर्यत असणार होती आणि ती सहा तासांच्या आत पूर्ण करायची असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते. या गटाच्या रविवारच्या सरावाचे नियोजन मी अकरा वर्षे करीत आलो आहे. त्या सकाळी धावपटूंनी किती पाणी प्यावे याचा नियमही मीच घालून दिलेला होता. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः त्या नियमाविषयी आहे.

त्या सकाळी काय घडले

मार्ग नेहमीचाच होता : शिवाजी पार्कहून वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड आणि मरीन ड्राइव्ह गाठून त्याच वाटेने परत, आणि कमी पडणारे अंतर वरळी सी फेसच्या फेऱ्यांनी भरून काढायचे. गटातील दोघे स्कूटरवरून दर दोन किलोमीटरला पाण्याचा जार आणि स्टीलचे पेले घेऊन थांबत. पेला २०० मिलिलिटरचा. नियम असा की, प्रत्येक थांब्यावर एक पेला रिकामा करायचा, तहान असो वा नसो. बाई वर्गात जितक्या काटेकोर, तितक्याच सरावातही. चौदा थांब्यांवर त्यांनी चौदा पेले प्यायले. परतीच्या वाटेवर वरळीला कोणीतरी शहाळे हातात दिले, तेही त्यांनी संपवले. अशा रीतीने सुमारे तीन लिटर द्रव पोटात गेला. सोबत दोन केळी, चार खजूर आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा.

चोवीस किलोमीटरनंतर त्यांना पोट तडस लागल्यासारखे वाटू लागले. शेवटच्या चार किलोमीटरमध्ये डोके ठणकत होते आणि मळमळत होते. परत आल्यावर त्या कट्ट्यावर बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा फिकट होता, बोलणे मात्र स्पष्ट होते. गटातील चौघे पुढे धावले आणि चौघांच्याही तोंडी एकच निदान होते : “पाणी कमी पडलंय.” एकाने ओआरएसचे पाकीट लिटरभर पाण्यात कालवून बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, आणि मग डाव्या हाताच्या अनामिकेकडे पाहत म्हणाल्या, “दादा, अंगठी रुतलीय बघा. काल रात्री भांडी घासताना काढून ठेवली होती, तेव्हा सहज निघाली होती.”

मी हात पाहिला. अंगठीच्या दोन्ही बाजूंना कातडी फुगून वर आली होती, घड्याळाच्या पट्ट्याची खूण मनगटावर खोल उमटली होती, आणि बुटांच्या नाड्याही त्यांना वाटेत दोनदा सैल कराव्या लागल्या होत्या. तहान लागली आहे का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. पाणी नकोसे झाले आहे, असे त्या म्हणाल्या. लघवी पहाटे निघाल्यावर एकदाच झाली होती. त्या आठवड्यात योगायोगाने आम्ही सर्वांच्या घामाचे प्रमाण मोजायचे ठरवले होते, म्हणून काटा डिकीत होता आणि सकाळच्या वजनाची नोंद वहीत होती. ती नोंद नसती तर ओआरएसची ती बाटली त्यांनी नक्की संपवली असती आणि ती संपवण्याचा आग्रह करणाऱ्यांत मीही असतो.

काट्यावरचा आकडा पाहिल्यावर आम्ही बाटली बाजूला ठेवली आणि त्यांना जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सलाईन लावण्याआधी रक्तातील सोडियम तपासले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सोडियम १२९ मिलिमोल प्रति लिटर आले. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. निदान : दीर्घ श्रमाच्या वेळी होणारा हायपोनेट्रेमिया, म्हणजे रक्तातील सोडियम पातळ होणे. पाणी पूर्ण बंद करण्यात आले, थोडेसे खारट, दाट सूप देण्यात आले आणि त्यांना निरीक्षणाखाली ठेवले. दीड-दोन तासांनी भरपूर लघवी झाली, डोकेदुखी उतरू लागली. संध्याकाळी सहाच्या तपासणीत सोडियम १३४ होते आणि रात्री त्या घरी गेल्या. मूत्रपिंडाच्या आणि थायरॉईडच्या तपासण्या नंतर करून घेतल्या, त्या व्यवस्थित निघाल्या.

डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. उजवा गुडघा आठवडाभर कुरकुरत होता म्हणून बाईंनी पहाटे निघताना आयब्युप्रोफेनची गोळी घेतली होती. या वर्गातील वेदनाशामके शरीरातील जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याच्या मूत्रपिंडाच्या कामात अडथळा आणू शकतात. गटात असे कितीजण धावण्याआधी गोळी घेतात, हे मी तोवर विचारलेच नव्हते. पुढच्या रविवारी विचारले तेव्हा वर आलेले हात पाहून मी गप्प झालो.

हिशेब

घाम मोजण्याची पद्धत अगदी सोपी आहे आणि ती घरी करता येते. लघवी करून, शक्यतो कपड्यांविना वजन करावे, तासभर धावावे, अंग पुसून पुन्हा वजन करावे. घटलेल्या वजनात धावताना प्यायलेले पाणी मिळवावे आणि मधल्या काळात झालेली लघवी वजा करावी. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. प्रकृती सावरल्यावर आम्ही बाईंचे असे तीन वेळा मोजमाप केले. त्यांच्या नेहमीच्या वेगाने, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटे वीस सेकंदांच्या आसपास, त्यांचा घाम तासाला साधारण अर्धा लिटर जातो. उन्हे वर आल्यावर धावल्या तेव्हा तो सहाशे मिलिलिटरच्या पुढे गेला नाही. त्याच आठवड्यात गटातील एका अठ्ठावीस वर्षांच्या, ७८ किलो वजनाच्या आणि पाच मिनिटांच्या वेगाने धावणाऱ्या मुलाचा घाम तासाला जवळजवळ दीड लिटर भरला.

आता त्या रविवारचा हिशेब मांडता येतो. सव्वाचार तासांत बाईंचा घाम सुमारे दोन लिटर, लघवी थोडीशी, आत गेलेला द्रव तीन लिटर. भिजलेल्या कपड्यांचे दोनशे-अडीचशे ग्रॅम काट्याच्या आकड्यातून वजा केले, तरी शरीरात पाणी साचले होते याबद्दल शंका राहत नाही. कारण इतके अंतर धावताना इंधन जळून आणि श्वासातून पाणी जाऊनही वजन थोडे कमीच व्हायला हवे. त्यात घामावाटे सोडियम गेले होते ते वेगळेच. म्हणजे एकीकडून मीठ कमी झाले आणि दुसरीकडून पाणी वाढले. श्रमाच्या ताणामुळे पाणी धरून ठेवणारे संप्रेरक शरीरात वाढलेले असते, म्हणून एरवी पटकन लघवीवाटे निघून जाणारे जादा पाणी अशा वेळी आतच राहते. घरी आरामात बसलेल्या माणसाने तीन लिटर पाणी चार तासांत प्यायले तर त्याला बहुधा काही होणार नाही. तेच पाणी पेडर रोडचा चढ दोनदा चढलेल्या बाईंना महागात पडले.

तोच नियम त्या दीड लिटर घाम गाळणाऱ्या मुलाला लावून पाहावा. त्याच्या वेगाने तासाला बारा किलोमीटर, म्हणजे सहा थांबे, म्हणजे बाराशे मिलिलिटर. त्याच्या घामापेक्षा हे कमीच आहे. बाईंच्या वेगाने तासाला सव्वासात किलोमीटर, म्हणजे साडेतीन थांबे आणि सातशे मिलिलिटर. त्यांच्या घामापेक्षा हे जास्त आहे. सावकाश धावणाऱ्याला कमी पेले मिळतात खरे, पण त्याचा घाम त्याहूनही जास्त प्रमाणात कमी होतो, आणि तो रस्त्यावर कितीतरी जास्त वेळ असतो. ‘दर दोन किलोमीटरला एक पेला’ हा नियम मी, माझ्या नकळत, धिप्पाड आणि वेगवान पुरुषांच्या अंगमापाने शिवला होता आणि तो ५२ किलोच्या बाईंना घातला होता.

नियम कुठून आला होता

सात वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या गटातील एक तरुण वरळी सी फेसवर चक्कर येऊन पडला. तो सकाळपासून घोटभरही पाणी प्यायलेला नव्हता. त्या धसक्यातून हा नियम आला आणि त्यामागची काळजी खरी होती. त्या काळात जे वाचायला मिळे तेही याच बाजूचे होते : तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, हे वाक्य धावणाऱ्यांत जणू म्हणीसारखे झाले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने १९९६ मध्ये दिलेल्या सल्ल्यात घामाने गेलेले सगळे पाणी भरून काढावे किंवा सहन होईल तितके प्यावे, असेच म्हटले होते. त्याच संस्थेने २००७ मध्ये भूमिका बदलून, वजन फार घटू देऊ नये, पण ते वाढेल इतके पिऊही नये, असे सांगितले. आमच्या कानांवर पहिले वाक्य आले आणि दुसरे आलेच नाही.

दरम्यानच्या काळात पुरावा साचत गेला होता. दक्षिण आफ्रिकेत १९८५ मध्येच टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदीर्घ अंतराच्या स्पर्धांत पाणी जास्त झाल्याने आजारी पडलेल्या चार खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली होती. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यत संपताच तपासण्यात आले. त्यांपैकी १३ टक्के धावपटूंचे सोडियम १३५ किंवा त्याहून खाली होते आणि तिघांचे तर १२० किंवा त्याहूनही खाली, म्हणजे जिवाला धोका होईल इतके. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत ठळक संबंध दिसला तो शर्यतीत वाढलेल्या वजनाशी, आणि त्यापाठोपाठ चार तासांहून अधिक लागलेल्या वेळेशी. बाईंच्या बाबतीत दोन्ही गोष्टी जुळत होत्या.

गटातील आक्षेप

हे सर्व मी गटापुढे मांडले तेव्हा विरोध झाला आणि तो मला योग्यच वाटला, कारण तो काळजीपोटी होता. मुंबईच्या हवेत पाणी कमी प्या म्हणणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण, असे दोन ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते. यावर मला जे सांगावेसे वाटले ते असे : धावणाऱ्याला उष्माघात होतो तो मुख्यतः स्नायूंनी निर्माण केलेली उष्णता बाहेर टाकता न आल्यामुळे, आणि आपल्या किनाऱ्यावर ती बाहेर पडत नाही याचे कारण असे की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होते. हवा दमट असताना अधिक पाणी पिऊन तो वाळण्याचा वेग वाढत नाही. तिथे उपाय आहे तो वेग कमी करण्याचा, लवकर निघण्याचा, मानेवर आणि हातांवर पाणी ओतण्याचा, आणि ऑक्टोबरमध्ये एखादा लांब पल्ला सरळ रद्द करण्याचा. पाणी कमी प्या असे कोणी म्हणत नव्हतेच. तहान लागेल तेव्हा प्या, इतकेच म्हणणे होते. श्रमजन्य हायपोनेट्रेमियावरील तज्ज्ञांच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही हेच सांगितलेले आहे.

दुसरा आक्षेप मिठाचा होता. पाण्याऐवजी ओआरएस किंवा स्पोर्ट्‌स ड्रिंक प्यायले असते तर हे टळले असते, असे अनेकांना वाटत होते आणि आजही वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते. बाजारातील स्पोर्ट्‌स ड्रिंकमध्ये साधारण वीसच्या आसपास. रक्तात १४० च्या जवळपास. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडेच. म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायले तर यांतील प्रत्येक पेय रक्त पातळच करते, फक्त कोणते थोडे सावकाश. जुलाबाच्या रुग्णाला ओआरएस जीवदान देते कारण त्याच्या शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही गेलेले असते. बाईंच्या शरीरात पाणी आधीच जास्त होते, आणि ती लिटरभर बाटली म्हणजे आणखी एक लिटर पाणीच ठरली असती.

हाताला सूज आली म्हणजे सोडियम उतरलेच, असेही कोणी समजू नये. उकाड्यात तासन्‌तास हात खाली लोंबते ठेवून धावणाऱ्या अनेकांची बोटे फुगतात आणि त्यांचे रक्त व्यवस्थित असते. बाईंच्या बाबतीत अंगठीने फक्त प्रश्न उभा केला. उत्तर वजनकाट्याने आणि रक्ताच्या तपासणीने दिले. पाणी कमी पडलेल्या माणसालाही डोकेदुखी, मळमळ आणि थकवा असतो, म्हणून लक्षणांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. पण त्याचे तोंड कोरडे असते, त्याला तहान असते, उभे राहिल्यावर घेरी येते आणि वजन घटलेले असते. पोट तुंबलेले, पाण्याचा तिटकारा, वजन तेवढेच किंवा वाढलेले, असे चित्र दिसले तर पाणी थांबवणे हे पहिले काम. बोलण्यात गोंधळ, बडबड, झटके यांपैकी काहीही दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे आणि तेथे पोहोचताच ‘हा माणूस मॅरेथॉनचा सराव करीत होता, आधी सोडियम तपासा’ हे वाक्य स्पष्ट शब्दांत सांगावे. अशा रुग्णाला उतारा म्हणून तीव्र मिठाचे सलाईन लागते. नेहमीचे सलाईन वेगाने चढवल्यास स्थिती बिघडू शकते.

पुढील दहा आठवडे

बाईंनी शर्यत धावावी की नाही, हा निर्णय माझा नव्हता. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून परवानगी दिली, ती दोन अटींवर : धावण्याच्या आदल्या दिवसापासून वेदनाशामक नाही, आणि तहानेशिवाय पाणी नाही. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मांडीचे आणि कमरेचे व्यायाम सुरू झाले आणि गोळीची गरज महिनाभरात संपली.

सगळ्यात अवघड ठरले ते न पिणे. स्वयंसेवक प्रेमाने पेला पुढे करतो तेव्हा ‘नको’ म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, आणि बाईंना तर ते फारच जड गेले. शेवटी आम्ही स्कूटरवरच्या दोघांना सांगितले की, पेला पुढे करायचा नाही. जार ठेवायचा, मागेल त्याने घ्यावे. बाई स्वतःची चारशे मिलिलिटरची बाटली कमरेला लावून धावू लागल्या, तासाला त्याहून अधिक नाही अशी वरची मर्यादा ठरवून. डिसेंबरमध्ये त्या २८ किलोमीटर धावल्या : आधी ५२.५, नंतर ५१.८. घट दीड टक्क्याच्याही आत. सोडियम १३९.

अंगठी त्यांनी मुद्दाम बोटातच ठेवली. दर पाच किलोमीटरला ती एकदा फिरवून पाहायची, असा त्यांनीच लावून घेतलेला क्रम होता. वजनाइतकी ती खात्रीची नाही हे त्यांना मी सांगितले होते. त्यावर त्या म्हणाल्या की, रस्त्यावर काटा नसतो.

जानेवारीतील तिसऱ्या रविवारी पहाटे सीएसएमटीपासून शर्यत सुरू झाली तेव्हा हवेत गारवा होता. मी परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाच्या पायथ्याशी उभा होतो. शर्यतीतील सर्वांत कठीण चढ पाय संपत आलेले असताना येतो आणि सूर्यही तोवर वर आलेला असतो. बाई दिसल्या तेव्हा चालत नव्हत्या, सावकाश धावत होत्या. कडेला उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाने पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, दोन घोट प्यायल्या, उरलेले पाणी मानेवर ओतले आणि रिकामी बाटली कडेच्या पेटीत टाकून चढाला लागल्या.

पाच तास बावन्न मिनिटांनी त्यांनी शर्यत पूर्ण केली. आझाद मैदानाबाहेर पदपथाच्या सपाट फरशीवर मी तोच काटा ठेवला होता. निघतानाचे वजन ५२.५ होते, आता ५१.७ भरले. बाईंनी अंगठी बोटातून काढून पुन्हा घातली, मग माझ्या पिशवीकडे हात केला आणि म्हणाल्या, “दादा, पाणी द्या. आता खरंच तहान लागलीय.” बाटली अर्ध्या लिटरची होती; त्यांनी ती पूर्ण संपवली.